रामजी सुभेदारांनी मुलाकडून काय मागितलं

पुढारी कसा घडला हे सांगताना आपण त्याच्या पहिल्या सभेपासून किंवा पहिल्या तुरुंगवासापासून सुरुवात करतो. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं ‘बालपण’ नावाच्या एका प्रकरणात उरकली जातात. त्या प्रकरणात आई प्रेमळ असते, वडील करडे असतात, मूल हुशार असतं, आणि पान उलटलं की सभा सुरू होते. एवढ्यावरून काहीच कळत नाही. आईवडिलांची अपेक्षा ही मनात असणारी गोष्ट आहे. ती मुलापर्यंत कोणत्या वाटेनं पोचते, तिचा खर्च कोण सोसतं आणि पोचल्यावर मूल तिचं काय करतं, हे पाहायचं असेल तर एखादं घर आत शिरून सावकाश पाहावं लागतं.

मी इथे रामजी मालोजी सकपाळ यांचं घर घेतलं आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या वडिलांविषयी स्वतः बरंच लिहून आणि सांगून ठेवलं आहे. धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्रांतूनही हे घर पुष्कळ तपशिलांनिशी दिसतं. शिवाय या घरात पैसा नव्हता, वशिला नव्हता आणि गावात पाण्याला हात लावायची मुभा नव्हती. अपेक्षा एकटी किती काम करू शकते हे अशा घरात स्वच्छ दिसतं.

रामजींच्या अपेक्षेची सुरुवात भिवाच्या जन्माच्याही आधी होते. सकपाळ घराण्याचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. रामजींचे वडील मालोजी लष्करात होते, रामजीही लष्करात गेले. भीमाबाईंचं माहेर मुरबाडकरांचं. त्यांचे वडील आणि चुलतेही लष्करात सुभेदार मेजर. त्या काळी लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्यासाठी शाळा होत्या. गावात ज्या जातीला शाळेच्या ओट्यावर बसता येत नव्हतं, तिच्या छावणीतल्या घरांत मात्र मुलं वाचायला शिकत होती आणि बायकाही वाचत होत्या. रामजी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिक्षक होऊन बाहेर पडले आणि लष्करी शाळेत वर्षानुवर्षं मुख्याध्यापक राहिले. म्हणजे शिकवणं हा त्यांचा पेशाच होता. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांना चौदावं अपत्य झालं: भीमराव. घरात त्याला भिवा म्हणत.

रामजींच्या संन्यासी झालेल्या चुलत्यांनी या घरात नाव काढणारा मुलगा होईल असं भाकीत केलं होतं, अशी गोष्ट चरित्रांत येते. माझ्या मते घडणीच्या दृष्टीनं या गोष्टीपेक्षा पुढच्याच वर्षी घडलेली एक सरकारी घटना कितीतरी महत्त्वाची आहे. १८९२ मध्ये महारांची लष्करभरती बंद करण्याचे हुकूम निघाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या एकाच दारातून पगार, शिक्षण आणि मान मिळत होता ते दार बंद झालं. पुढे १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी सांगितलं की, वडिलांच्या जुन्या कागदपत्रांत त्यांना या हुकमाविरुद्धच्या अर्जाचा मसुदा सापडला होता, आणि चौकशी केल्यावर तो रानड्यांनी लिहून दिलेला असल्याचं कळलं.

त्या मसुद्याकडे जरा थांबून पाहायला हवं. आपल्या घराण्याची वाट सरकारच्या एका हुकमानं कापली गेली, तेव्हा रामजी आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी अर्ज करायचं ठरवलं. त्यासाठी चांगलं इंग्रजी आणि कायद्याची जाण असलेला माणूस लागला, आणि तो बाहेरून शोधावा लागला. आपल्या घरात असा लिहिणारा माणूस असावा, ही इच्छा रामजींनी कुठे शब्दांत मांडून ठेवलेली नाही. पण पुढची वीस वर्षं त्यांनी जे जे केलं ते याच दिशेला जातं. आईवडिलांच्या अपेक्षा आपण त्यांच्या स्वभावात शोधतो. बऱ्याचदा त्यांचा उगम असा एखाद्या बंद झालेल्या दारापाशी असतो.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. काही काळ दापोलीला राहून कुटुंब साताऱ्याला आलं आणि तिथे भीमाबाई वारल्या. भिवा तेव्हा पाच-सहा वर्षांचा. पोरांना सांभाळायला मीराआत्या आली. शाळेत भिवाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतलं तरच प्यायला मिळे. शिपाई नसला तर पाणीही नाही. न्हावी केस कापत नसे, ते काम बहीण करी.

आता याच काळातला एक प्रसंग घेऊ, कारण वडिलांची अपेक्षा आणि बाहेरचं जग यांची टक्कर त्यात अगदी जवळून दिसते. साल १९०१. रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामातल्या तलावावर रोखपाल होते, मुलं साताऱ्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना त्यांनी आपल्याकडे बोलावलं. प्रवासासाठी नवे कपडे शिवले: इंग्रजी धाटणीचे सदरे, जरीच्या झगमगत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे. कुठे उतरायचं, कधी कळवायचं, न्यायला कोण येईल, सगळं वडिलांनी आधीच नीट लिहून पाठवलेलं. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि भाचरं असे सगळे मसूर स्टेशनवर उतरले आणि वाट पाहत बसले. न्यायला कुणी आलं नाही. मुलांचं पत्र पोचलं होतं, पण नोकर ते रामजींना द्यायला विसरला होता.

स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. मुलांचे कपडे आणि बोलणं पाहून त्यांना ती ब्राह्मणांची वाटली. आपण महार आहोत असं मुलांनी सांगताच त्यांचा चेहरा बदलला आणि ते मागे फिरले. बैलगाडीवाल्यांपैकी कुणी न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण मुलांनी गाडी हाकायची आणि त्यानं बाजूनं पायी चालायचं, या अटीवर. बरोबर शिदोरी होती, पण पाणी मिळेना, म्हणून ती तशीच राहिली. रात्र टोलनाक्याजवळ काढावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मुलं वडिलांकडे पोचली.

या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या जरीच्या टोप्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आपली मुलं कुणाहीपेक्षा कमी दिसता कामा नयेत, हा रामजींचा आग्रह त्या कपड्यांत शिवलेला होता. त्या आग्रहानंच स्टेशनमास्तर फसले. घरात मुलाला सांगितलं जात होतं की तू कुणापेक्षा कमी नाहीस, आणि स्टेशनवर एका शब्दासरशी ते खोटं ठरवलं गेलं. घरानं आपली किंमत जास्त लावली म्हणूनच बाहेरची लावलेली किंमत त्या मुलाला इतकी झोंबली. घरातही त्याला खालीच बघायला शिकवलं असतं, तर ती रात्र त्याला नेहमीसारखीच वाटली असती. बाबासाहेबांनी पुढे लिहिलं आहे की, शाळेतले नियम त्यांना आधीपासून माहीत होते, पण या प्रवासानं बसलेला धक्का त्यापूर्वी कधी बसला नव्हता.

मूल मात्र अपेक्षा घेऊन जन्माला येत नाही. साताऱ्यात भिवाचं अभ्यासात फारसं लक्ष नव्हतं. त्यातच रामजींनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून तो चिडला, आणि यापुढे वडिलांच्या जिवावर राहायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम धरायचं, असं त्यानं ठरवलं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढायचा बेत केला. काही रात्री प्रयत्न फसले. अखेर पिशवी हाती लागली तेव्हा तिच्यात निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्यानं त्याला शरम वाटली आणि वडिलांच्या जिवावर न राहता स्वतः कमवायचं तर आधी नेटानं शिकून परीक्षा पास व्हायच्या, असा निश्चय त्यानं केला. ही हकिकत त्यांनीच पुढे सांगितली आहे.

ही हकिकत मला फार मोलाची वाटते, कारण वडिलांची अपेक्षा मुलानं स्वतःची म्हणून उचलली तो क्षण तिच्यात दिसतो. आणि त्याचं कारण गमतीदार आहे: त्याला वडिलांपासून सुटायचं होतं! रामजी शिक आणि शिक म्हणत होते आपल्या कारणासाठी, भिवा शिकायला बसला आपल्या कारणासाठी. दोघांच्या वाटा काही वर्षं एकत्र चालल्या, एवढंच. आईवडिलांना वाटतं की मुलानं आपलं ऐकलं. खरं म्हणजे मुलानं आपली स्वतःची गरज त्यांच्या सांगण्यात बसवून घेतलेली असते.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. भिवाचं नाव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलं गेलं. ती सरकारी शाळा होती आणि शहरातल्या उत्तम शाळांत तिची गणना होई. रामजींचं उत्पन्न म्हणजे महिना ५० रुपये पेन्शन. खोलीत स्वयंपाक, भांडीकुंडी, जळणाचा धूर, जातं आणि चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे एक शेळीसुद्धा.

अशा खोलीत अभ्यास कसा करायचा? इथे रामजींनी जे केलं ते या सगळ्या लेखाचं मर्म आहे असं मी समजतो. खोलीत जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतला. संध्याकाळी मुलाला लवकर झोपवायचं. आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागं राहायचं. दोनला त्याला उठवायचं आणि त्याच्या जागी आपण आडवं व्हायचं. मग बिनकाचेच्या रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात, घर निजलेलं असताना, मुलानं पहाटेपर्यंत वाचायचं. साठीला आलेला निवृत्त सुभेदार रोज अर्धी रात्र जागतो, तेव्हा मुलाला ‘मन लावून अभ्यास कर’ असं वेगळं सांगावं लागत नाही.

इंग्रजीसाठी रामजींनी हॉवर्डची वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतरमाला हाताशी धरली. पाठ करून घ्यायचे, भाषांतर करून घ्यायचे, नेमका शब्द सापडेपर्यंत सोडायचे नाहीत. शाळामास्तराची ती जुनी पद्धत होती. तिच्यातलं पाठांतर आज कुणाला आवडणार नाही, पण नेमक्या शब्दाचा हट्ट मात्र राज्यघटनेचा मसुदा लिहिणाऱ्याच्या अंगी तिथूनच आला असं मला ठामपणे वाटतं.

पुस्तकांची हौस मुलाला लागली तशी खर्चाची अडचण वाढली. शाळेच्या पुस्तकांपलीकडची पुस्तकं तो मागू लागला. रामजी नाही म्हणत नसत. खिशात पैसे नसले की ते मुंबईतच दिलेल्या आपल्या लेकींकडे जात. त्यांच्याजवळ रोकड असली तर त्या देत. नसली तर एखादा दागिना काढून देत. रामजी तो सावकाराकडे गहाण टाकत, पुस्तक आणत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत.

रात्रीचा दुसरा नेम वेगळाच होता. रामजी कबीरपंथी. दारू-मांसाला घरात थारा नव्हता, भजन होतं, आणि झोपण्याआधी दोघा मुलांनी महाभारत-रामायणातला भाग मोठ्यानं वाचायचा, असा कडक दंडक होता. ऐकायला बहिणी असत आणि आसपासची माणसंही जमत. ही कथा वर्षानुवर्षं चालली. जमलेल्यांसमोर रोज मोठ्यानं वाचायचं, त्यांचं लक्ष सुटू द्यायचं नाही, समोरच्याला न कळलेलं सोपं करून सांगायचं, ही तालीम रामजींनी धर्मासाठी घेतली. तिचा उपयोग पुढे महाडच्या आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात झाला.

रामजींनी कौतुक मात्र हात राखूनच केलं. मुलगा इंग्रजी चौथी पास झाला, तेव्हा वस्तीतल्या लोकांना वाटलं की आपल्यातला एवढं शिकणारा हा पहिलाच, सत्कार व्हायला हवा. ते रामजींकडे परवानगी मागायला गेले. रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झाला आहे, असं त्यांचं म्हणणं. लोक मग कृष्णराव अर्जुन केळुसकरांकडे गेले. केळुसकर गुरुजी शाळेत शिक्षक, लेखक आणि रामजींच्या परिचयाचे. त्यांनी समजूत घातल्यावर रामजी राजी झाले. बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी लिहिलेल्या आठवणीत हा प्रसंग चौथीनंतरचा आहे, कीरांच्या चरित्रात तो मॅट्रिकनंतरचा आहे. १९०७ च्या मॅट्रिकला भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या पालकांना हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण ज्याच्यासाठी घरानं एवढं केलं त्याचे गुण एवढेच होते, आणि रामजींनी हातपाय गाळले नाहीत.

सत्कारात केळुसकरांनी मुलाला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र भेट दिलं. घरातल्या अपेक्षेला पहिला तडा या पुस्तकानं गेला.

पुस्तक वाचून मुलानं वडिलांना विचारलं की आपल्याला हे वाङ्मय कधी का दाखवलं नाहीत, आणि ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे ते ग्रंथ वाचायला का लावता. रामजींचं उत्तर त्यांच्या सगळ्या खटाटोपाची किल्ली आहे. ते म्हणाले, आपण अस्पृश्य, तेव्हा मनात न्यूनगंड येण्याचा संभव. द्रोण, कर्ण ही साधी माणसं किती उंच गेली आणि कोळ्याचा वाल्मीकी कसा रामायणकार झाला, हे वाचून तो गंड जावा. मुलाला ते पटलं नाही. त्यानं भीष्म, द्रोण, कृष्ण यांच्यावर शंका घेतल्या. रामाच्या बाबतीत वाली-सुग्रीव आणि सीतेचा प्रश्न काढला. रामजी गप्प राहिले. मुलात बंड उभं राहिलं आहे, हे त्यांना कळलं होतं.

ते गप्प राहिले, हे फार झालं. त्यांनी छडी उचलली असती तर त्या काळात कुणालाही वावगं वाटलं नसतं. मोतीलाल नेहरूंच्या घरची गोष्ट इथे आठवते. जवाहरलाल भीमरावांहून दीड वर्षानं मोठे. घर अलाहाबादचं, वैभव असं की शिकवायला घरी इंग्रज शिक्षक, आणि १९०५ मध्ये मुलगा हॅरोला, मग केंब्रिजला. पाच-सहा वर्षांचा असताना वडिलांच्या टेबलावर दोन पेनं दिसली, दोन कशाला लागतील म्हणून त्यानं एक उचललं, आणि सापडल्यावर असा मार खाल्ला की कित्येक दिवस अंगाला मलम लावावं लागलं. हे जवाहरलालांनीच लिहिलं आहे आणि वडिलांविषयीची भीती आणि आदर दोन्ही लिहिलं आहे. मोतीलालांना मुलगा आधी आयसीएस व्हावासा वाटत होता, मग वकील. मुलगा बॅरिस्टर होऊन आला, आणि १९२० मध्ये उलटंच झालं: असहकारात मुलाच्या मागोमाग वडिलांनी वकिली सोडली. अपेक्षा वरून खालीच वाहतात असं नाही.

आणि एक मूक घर. यशवंतराव चव्हाणांचे वडील प्लेगनं गेले, आई विठाबाई शाळा न पाहिलेल्या. १९३० नंतरच्या आंदोलनात मुलगा कऱ्हाडला कोठडीत असताना, त्यानं माफी मागितली तर सुटेल असं आईसमोर सुचवलं गेलं. माफीचं कारण नाही, असं आईनं तिथल्या तिथे सांगितलं आणि मुलाला तब्येतीची काळजी घ्यायला बजावलं. तिची मुलाकडून काय अपेक्षा होती ते त्याला तेव्हा स्पष्ट कळलं.

परत डबक चाळीकडे येतो, कारण खर्चाचा हिशेब राहिला आहे. एका मुलावर घरानं सगळी शक्ती लावायची म्हणजे दुसऱ्याच्या वाटची काढायची. थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली, कारण दोघांचं शिक्षण पेन्शनमध्ये बसत नव्हतं. लेकींच्या अंगावरचे दागिने उतरले. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, दुकानं बंद झाल्यावर, भीमरावांचं लग्न झालं. तेव्हा ते चौदा-पंधरा वर्षांचे, वधू रमाबाई नऊच्या आसपास. मुलाच्या बुद्धीविषयी काळाच्या पुढे असलेले रामजी त्याच्या लग्नाच्या बाबतीत काळाबरोबरच चालले. पुढे रमाबाईंनी जे सोसलं, ते या घराच्या अपेक्षेनं मागितलेल्या किमतीत धरावंच लागेल. चरित्रांत त्यागाचा गौरव होतो. तो त्याग ज्यांच्याकडून न विचारता घेतला गेला, त्यांचा हिशेब क्वचित मांडला जातो.

शेवटचा खटका १९१३ च्या जानेवारीत उडाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिल्यानं भीमराव बी. ए. झाले होते. त्या बदल्यात बडोद्याला नोकरी करायची, असं त्यांनी ठरवलं. रामजींना ते पसंत नव्हतं. मुलगा वडिलांचा विरोध डावलून गेला. थोड्याच दिवसांत तार आली: वडील अत्यवस्थ. परतीच्या वाटेत सुरतला मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले.

सहा महिन्यांत भीमराव न्यूयॉर्कला होते. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी वडिलांच्या एका मित्राला तिथून पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की, आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आता टाकून द्यायला हवी. मुलांचं भवितव्य घडवणं आईबापांच्या हाती आहे. आणि मुलांच्या शिक्षणाच्या जोडीला मुलींचं शिक्षण हाती घेतलं तर आपली प्रगती कितीतरी वेगानं होईल, त्याची फळं तुम्हाला तुमच्या मुलीतच दिसत आहेत. वडिलांना जाऊन सहा महिने झालेल्या, बावीस वर्षांच्या तरुणाचं हे पत्र आहे. आपल्या घरात काय झालं याचा निष्कर्ष त्यानं काढला होता, आणि घरात काय राहून गेलं तेही त्याला दिसलं होतं. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनला निघाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची आणि दाखवलेल्या जाणतेपणाची कृतज्ञता म्हणून.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी त्या आयांना सांगितलं: मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा, तुम्ही मोठे होणार आहात हे त्यांच्या मनावर बिंबवा, त्यांच्यातला न्यूनगंड काढून टाका. आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका. यातला न्यूनगंडाचा मुद्दा रामजींनी महाभारताची बाजू घेताना मांडलेलाच आहे. लग्नाच्या घाईचा मुद्दा मात्र मुलानं स्वतःचा घातला. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा बदल श्रोत्यांत आहे. रामजींच्या घरात मुलगे वाचत आणि बहिणी ऐकत. इथे अपेक्षा बायकांच्या हाती सोपवली गेली, आणि ती मुलगा-मुलगी दोघांसाठी होती. ज्या घरांत आज एका मुलावर सगळं पणाला लावलं जातं आहे, त्या घरांतल्या आईबापांनी या भाषणाच्या आधी एकदा आनंदराव आणि त्या लेकी आठवाव्यात.